आलूची साधी भाजी : रोजची म्हणून दुर्लक्षित

भाजीवाली आज फिरकली नाही, बाजाराचा दिवस अजून दोन दिवस लांब, पालक कालच संपला, आणि नेमके ह्यांच्या गावचे दोन पाहुणे साडेअकराला दारात! अशा वेळी तुम्ही काय करता? टोपलीत हात घालता आणि चार बटाटे बाहेर काढता. मीही तेच करते, माझ्या सासूबाईही तेच करत, आणि आपल्या लेकी-सुनाही तेच करणार आहेत.

पण मैत्रिणींनो, गंमत बघा. ज्या भाजीवर आपला इतका भरवसा, तिच्याकडे आपण धड लक्ष देत नाही. मसालेभात नीट व्हावा म्हणून दहा जणींना विचारू, अनारसे हसू नयेत म्हणून जीव टाकू. आणि बटाट्याची भाजी? "त्यात काय शिकायचंय!" मग कधी ती खाली लागते आणि वर कच्ची राहते, कधी गोड लागते, कधी तिचा गिचका होतो. जेवणारे बोलत नाहीत, पण पानात अर्धी उरलेली भाजी बोलतेच की. म्हणून आजचा लेख एवढ्या एकाच भाजीवर.

आमच्या कनेरगाव नाक्याला 'बटाटा' हा शब्द पुस्तकातला. बोलताना सगळे 'आलू'च म्हणतात. हिंगोलीहून वाशिमला जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव, मराठवाड्याचं टोक. पुढे लगेच विदर्भ सुरू. स्वातंत्र्याआधी इकडे निजामाचं हैदराबाद संस्थान आणि तिकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, अशी ही हद्द होती. १९४८ साली संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढे १९९८ साली वाशिम आणि १९९९ साली हिंगोली असे दोन वेगळे जिल्हेही झाले. हद्दी अशा हलत राहिल्या, पण सोयरिकींना हद्द कुठली? ह्या बाजूच्या मुली त्या बाजूला दिलेल्या, त्या बाजूच्या इकडे आलेल्या. त्यामुळे एकाच स्वयंपाकघरात कोथिंबिरीला कुणी कोथिंबीर म्हणतं, कुणी सांबार. कढीपत्त्याला गोडलिंब म्हणणाऱ्याही खूप. उलथण्याला सराटा म्हणणाऱ्या जावेला पुण्याकडची जाऊ पहिले चार दिवस समजूनच घेत नाही! पण भाजीचं नाव मात्र दोन्हीकडे एकच. आलू.

हा आलू तसा आपला नव्हेच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं हे कंद. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्याला लागलं आणि त्यांच्याच 'बटाटा' ह्या शब्दासह मराठीत आणि गुजरातीत रुळलं. मिरचीही त्याच वाटेने, त्याच लोकांबरोबर आली. म्हणजे तिखटातली बटाट्याची भाजी ही मूळची परदेशी जोडीच म्हणायची. आणि तरी आपण तिला एकादशीच्या ताटात बसवलं आहे! वांगं चालत नाही, कांदा चालत नाही, पण सातासमुद्रापलीकडचा बटाटा चालतो. कुणी कधी कारण विचारलं नाही, आणि विचारू नये असं माझंही मत आहे. उपासाला मग खायचं तरी काय?

कोणत्या महिन्यातला बटाटा?

भाजी बिघडते ती बहुतेक वेळा आपल्या हातामुळे नव्हे, बटाट्यामुळे. आपल्या मराठवाड्यात बटाट्याचं मोठं पीक नाही. महाराष्ट्रातला बटाटा प्रामुख्याने पुणे जिल्ह्यात, खेड-मंचर भागात, आणि सातारा जिल्ह्यात होतो. तिथला पावसाळी बटाटा साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. बाकी वर्षभर आपण खातो तो बराचसा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात इकडून ट्रकने आलेला. उत्तरेत फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य पीक निघतं आणि ते शीतगृहात, म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये, जातं. तेच पुढे नोव्हेंबरपर्यंत थोडं थोडं बाहेर येत राहतं.

आता हे आपल्याला कशाला हवं? तर थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठुळ भागाची हळूहळू साखर होते. त्यामुळे आषाढ-श्रावणात आणलेला बटाटा कधी कधी गोडसर लागतो आणि कढईत टाकल्याबरोबर भराभर लाल-काळा पडतो. आत कच्चा, बाहेर जळका! आपण गॅसला दोष देतो, कढईला देतो, सुनेलाही देतो. दोष त्या थंडीचा असतो. म्हणूनच बटाटे घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. तिथेही हेच होतं. गोडसर बटाटे पदरात पडलेच, तर ते आठ-दहा दिवस बाहेरच्या साध्या हवेत ठेवावेत. गोडी बरीच उतरते. तेवढा धीर नसेल तर त्यांच्या काचऱ्या न करता ते उकडून भाजी करावी. तीत लिंबू-मिरची थोडी चढती ठेवली की गोडी झाकते.

थंडीच्या दिवसांत येणारा नवा बटाटा ओळखायला सोपा. साल इतकी पातळ की अंगठ्याने निघते. त्यात पाणी जास्त, तो फुटत नाही, फोडी टणक राहतात. परतून करायच्या भाजीला हाच उत्तम. त्याची साल काढूसुद्धा नये. स्वच्छ धुऊन, घासून, सालीसकट चिरावा. जुना बटाटा पिठुळ. तो उकडला की फुटतो. म्हणून तो वड्याला, पराठ्याला, पुरीबरोबरच्या ओलसर भाजीला ठेवावा.

जाता जाता एक सांगते. शिमल्याला बटाट्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, १९४९ साली स्थापन झालेली. तिथून निघणाऱ्या वाणांच्या नावात शिमल्याजवळच्या कुफ्री गावाचं नाव असतं : कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी, कुफ्री पुखराज. त्यातच १९७२ साली दख्खनच्या पठारासाठी एक वाण काढलं गेलं. ते लवकर तयार होतं, म्हणून त्याचं नावच ठेवलं 'कुफ्री लवकर'. साऱ्या हिंदुस्थानातल्या बटाट्यांत एक तरी अस्सल मराठी नावाचा आहे, हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं होतं!

अलीकडे बाजारात 'शुगर फ्री आलू' म्हणून पाटी लावतात. ह्या पाटीने फसू नका. वेफर्सवाल्यांना तळताना लाल न पडणारा बटाटा लागतो. तो थोड्या कमी थंडीत साठवतात, म्हणून त्यात वर सांगितलेली साखर होत नाही, इतकंच. पण बटाट्यातला पिठुळ भाग जिथल्या तिथेच आहे आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्या पाटीवर विसंबून वाटीभर भाजी वाढू नका. खरं म्हणजे बटाटा ही जेवणातली भाजी धरूच नये, पोळी-भातासारखाच तो धरावा. त्या दिवशी एक पोळी कमी, आणि सोबत वरण व पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर. नुसती पोळी, बटाटा आणि वर भात म्हणजे तीन वेळा तेच तेच.

हिरवा डाग

हा भाग मात्र घाईत वाचू नका. टोपलीतल्या बटाट्याला उजेड लागला की साल हिरवी होते. तो हिरवा रंग स्वतः वाईट नव्हे, पण त्याच्याबरोबर सोलानिन नावाचं कडवट विषारी द्रव्य तिथे वाढतं. उकडून, परतून, तळून ते जात नाही. जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. आणि लहान मुलांना थोडंही पुरतं. मुलाचं पोट बिघडलं की आपण आधी बाहेरच्या भेळेला नावं ठेवतो. टोपलीतल्या हिरव्या बटाट्याचा संशय कुणाला येत नाही.

तेव्हा डाग लहान असेल तर तो चांगला जाड कापून टाकावा. मोड आले असतील तर ते मुळासकट खणून काढावेत. अर्धाअधिक बटाटा हिरवा असेल, किंवा मऊ पडून सुरकुतून मोडांनी भरला असेल, तर सरळ फेकावा. "एवढे पैसे मोजलेत!" म्हणून जीव खालीवर होतो, ठाऊक आहे. पण दवाखान्याचे पैसे त्याहून जास्त. आणि चिरताना तुकडा जिभेला कडू लागला तर ती भाजी कुणालाच वाढू नका, "थोडी साखर घालू" म्हणून तर नाहीच.

बटाटे ठेवावेत अंधाऱ्या, हवेशीर जागी. बांबूच्या टोपलीत किंवा गोणपाटावर. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन सडतात. आणि कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवायची आपली सर्वांची खोड मोडायला हवी. शेजाराने दोघेही लवकर बिघडतात.

हळदीची गोष्ट

आता मसाला. ह्या भाजीला मसाला असतो कितीसा? मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, धने. त्यातही रंग आणि वास दोन्ही देणारी हळदच. आणि हळदीच्या बाबतीत आमचा हिंगोली जिल्हा मागे नाही बरं का! वसमतचा हळदीचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, आणि २०२४ साली 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतात हळद निघाली की ती उकडायची, दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून घासून चकचकीत करायची. एवढे सोपस्कार झाल्यावर ती आपल्या डब्यात येते आणि आपण ती चिमटीने टाकतो.

डब्यातली हळद कशी आहे ते मात्र बघत जा. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी तीत शिशाचा पिवळा रंग मिसळतात, आणि शिसं हे मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरच्या घरी एक साधी परीक्षा : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. पाणी एकदम गडद पिवळं झालं तर त्या हळदीवर विश्वास ठेवू नका. सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे हळकुंडं आणून गिरणीवरून दळून घेणं. आमच्या भागात ते सोपं आहे. तुमच्या गावीही वर्षाच्या तिखटाबरोबर किलोभर हळकुंडं सहज दळून होतील.

तेलाचं म्हणाल तर पूर्वी आमच्याकडे करडईचं तेल. त्याचा आपला एक वास असतो, आणि त्या तेलातल्या आलूच्या भाजीची आठवण जुनी माणसं अजून काढतात. आता शिवारात जिकडे तिकडे सोयाबीन आणि घरात पिशवीतलं तेल. घाण्याचं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल मिळालं तर ह्या एका भाजीला जरूर वापरून पाहा.

कढईवर

चला, आता चूल पेटवू! चौघांना पुरेल असं प्रमाण देते.

साहित्य : अर्धा किलो बटाटे (मध्यम आकाराचे पाच-सहा), मोठे तीन चमचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, तेवढंच जिरं, दोन चिमूट हिंग, कढीलिंबाची सात-आठ पानं, अर्धा लहान चमचा हळद, दीड लहान चमचा तिखट, एक लहान चमचा धनेपूड, चवीप्रमाणे मीठ, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट, मूठभर कोथिंबीर, एक लिंबू.

बटाट्यांच्या काचऱ्या करा. म्हणजे बटाटा उभा अर्धा कापायचा आणि मग पातळ आडवे काप. जाडी दोन रुपयांच्या नाण्याएवढी, फार तर त्याच्या दुप्पट. पण सगळ्यांची सारखी. ह्या भाजीतलं अर्धं कौशल्य सुरीत किंवा विळीत आहे. एक काप जाड आणि एक कागदासारखा असेल तर एक कच्चा राहणार आणि दुसरा जळणार, त्याला ब्रह्मदेवही काही करू शकणार नाही. चिरलेले काप पाण्यात टाका, दोनदा पाणी बदला; सुटा पिठुळपणा निघून जातो आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग चाळणीत निथळून फडक्यावर पसरा. ही पायरी बहुतेकजणी गाळतात. ओले काप तेलात गेले की तडतड उडते ती वेगळीच, शिवाय भाजी परतली न जाता शिजते.

कढई लोखंडी घ्या. का, ते पुढे सांगते. ती आधी चांगली तापू द्या, मग तेल, तेल तापलं की मोहरी. मोहरी तडतडून थांबली की जिरं, हिंग, कढीलिंब. आता हळद, आणि हळद पडल्याबरोबर लगेच बटाटे. हळद तेलात जास्त राहिली की कडू होते. तिखट ह्या वेळी घालू नका! गरम तेलात ते क्षणात काळं पडतं आणि घरभर ठसका. सराट्याने सगळं खालीवर करा, म्हणजे प्रत्येक कापाला तेल-हळद लागेल. मीठ घाला.

आता झाकण. साधं सपाट झाकण न ठेवता खोलगट ताटली ठेवा आणि ताटलीत वाटीभर पाणी ओता. आपल्या आज्या-पणज्या हे करत, पण का करत ते कुणी सांगत नसे. भाजीची वाफ वर जाते, वरच्या पाण्यामुळे थंड राहिलेल्या ताटलीला लागून तिचं पाणी होतं आणि ते थेंब थेंब परत भाजीत पडतं. म्हणजे भाजीत वेगळं पाणी न ओतता ती स्वतःच्याच पाण्यात शिजते, खाली लागत नाही. आच मध्यमहून कमी. सात-आठ मिनिटं. मध्ये दोनदा उघडून हलक्या हाताने परता. ढवळू नका, खालून उचलून वर आणा. सराट्याच्या कडेने काप सहज तुटला की शिजली.

झाकण काढा. आता आच थोडी मोठी करून पाच-सहा मिनिटं उघडीच परता. घाई असेल तेव्हा आपण ह्या वेळी गॅस बंद करतो, आणि तिथेच भाजी 'बरी' राहते, 'छान' होत नाही. कडा लालसर, थोड्या कुरकुरीत झाल्या पाहिजेत. मग तिखट, धनेपूड, आणि अगदी शेवटी कूट. कूट जळायला मिनिटसुद्धा लागत नाही. एकदोनदा परतून गॅस बंद, वर कोथिंबीर.

लिंबू कढईत पिळू नये, पानात पिळावं. दोन कारणं. आंबट पडल्यावर बटाटा मऊ होत नाही. कच्च्या बटाट्यात टोमॅटो किंवा चिंच घातली की तो तासभर शिजवला तरी टणकच राहतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आणि दुसरं, लोखंडी कढईत आंबट पडलं की भाजी काळपट होते, चवीलाही लोखंड लागतं. म्हणूनच तयार भाजी कढईत ठेवूही नका, लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. कढई धुऊन, कोरडी पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा.

ज्यांना आमच्या भागाची चव हवी असेल त्यांनी तिखट थोडं कमी करून अर्धा चमचा काळा मसाला घालावा आणि चार लसूण पाकळ्या ठेचून फोडणीत टाकाव्यात. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्लीत की पोळीची आठवण येणार नाही. साखर मात्र आमच्याकडे घालत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनी चिमूटभर घातली तर आमची हरकत नाही, पण पाहुणे आमच्याकडचे असतील तर जपून!

लोखंडी कढई कशासाठी?

नॉनस्टिक आल्यापासून लोखंडी कढई माळ्यावर गेली. ती जड, तिला गंज येतो, घासायला त्रास. सगळं खरं. पण २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या दोघींपैकी एक. जिना चढताना धाप, संध्याकाळी पाय ओढल्यासारखे, केस गळणं, सारखी कणकण, आणि आपण म्हणतो, "वयच झालं आता." पस्तिशीत कसलं वय!

लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं. लिंबातलं क जीवनसत्त्व पोटातलं लोह अंगी लागायला मदत करतं, बटाट्यातही ते थोडं असतं. म्हणून ती कढई आणि पानातलं लिंबू, दोन्ही. जेवल्याबरोबर चहा मात्र नको. चहा लोह अडवतो. निदान तासभर जाऊ द्या. एवढ्याने रक्ताची मोठी कमतरता भरून निघेल असं मी म्हणत नाही. त्याला रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच हव्यात. तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. पुढे ढकलू नका.

आणि मूळ प्रश्न कढईचा नाहीच, पानाचा आहे. आधी मुलांचे डबे, मग ह्यांचं पान, मग सासू-सासरे, मग आला-गेला. सगळ्यांचं झालं की आपण कढई पुढे ओढतो. तिच्यात उरलेली असते खरवड आणि दोन काप. त्याला पोळी लावून, वर लोणच्याची फोड घेऊन उभ्या उभ्याच जेवण! खरवड चविष्ट असते, ह्यात वाद नाही; कित्येकींची ती आवडतीच आहे. पण रोजचं जेवण खरवडीवर होत नाही. बटाट्याच्या भाजीचं तर असं, की ती सगळ्यांनाच आवडते म्हणून उरतच नाही. वांग्याच्या दिवशी आपल्या वाट्याला भरपूर येते, आलूच्या दिवशी काही नाही. बरोबर ना?

ह्यावर भांडण करायची गरज नाही. भाजी कढईतून काढताना पहिली वाटी आपली भरून झाकून ठेवा आणि उरलेली वाढायला घ्या. "थोडी कमीच झाली आज" असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. उद्या दोन बटाटे जास्त चिरू. आमच्या आळीतल्या एक काकू असं करायच्या. त्यांच्या सासूबाईंनी एकदा ती झाकलेली वाटी पाहिली. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या वेळी मला कुणी हे सांगितलं नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेची वाटी त्याच भरून ठेवू लागल्या.

प्रवासाला, उपासाला

आमच्या नाक्यावरून अकोला-पूर्णा रेल्वे जाते. २००८ पर्यंत ती मीटरगेज होती, आता रुंद मार्ग आहे. गाडी कुठलीही असो, डब्यात पोळ्या किंवा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी हे ठरलेलं. प्रवासाला नेहमी काचऱ्याच न्याव्यात, त्याही चांगल्या कोरड्या परतलेल्या. कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर घालू नये. ह्यांच्यामुळे भाजी लवकर आंबते. गरम गरम डब्यात भरून झाकण लावू नका. आधी ताटात पसरून निववा, मग भरा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. सकाळी केलेली भाजी दुपारच्या जेवणाला खावी, रात्रीसाठी राखू नये.

उकडलेल्या बटाट्याची भाजी ही घरच्या पुरीची सोबतीण. बटाटे सालीसकट कुकरला लावा, दोन-तीन शिट्ट्या पुरेत. जास्त शिजले की पाणी पितात आणि फोडी पडत नाहीत. एक युक्ती अशी, की सकाळी भाजी करायची असेल तर बटाटे रात्रीच उकडून निववून ठेवावेत. निवलेला बटाटा घट्ट होतो, फोडी देखण्या पडतात. फोडणीत हिरव्या मिरच्या, आलं, हवा असेल तर उभा चिरलेला कांदा. तो मऊ झाला की हळद, फोडी, मीठ. दोन वाफा आल्या की उतरवून लिंबू आणि कोथिंबीर. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या घरी कांदा गाळला तरी काही अडत नाही. किंबहुना आल्याचा स्वाद मग जास्त खुलतो.

उपासाला साजूक तुपात जिरं आणि हिरवी मिरची, त्यावर उकडलेल्या फोडी, सैंधव आणि भरपूर कूट. हळद, मोहरी, हिंग नाही. वऱ्याच्या तांदळाबरोबर दही घेऊन खा.

आणि समजा, कधी नव्हे ते भाजी उरलीच! तर ती कुस्करून ज्वारीच्या पिठात घाला. थोडं बेसन, ओवा, तीळ, लागेल तेवढं मीठ-तिखट घालून घट्ट मळा. तव्यावर तेल सोडून, ओल्या फडक्यावर थापलेलं थालीपीठ टाका, मध्ये बोटाने भोक पाडून त्यात चार थेंब तेल, वर झाकण. एक बाजू खमंग झाली की उलटा. संध्याकाळी शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकायच्या आत दोन दोन संपवतात. फक्त मळताना पाणी जपून घाला, बटाट्याचं पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं.